जेवणाची मात्रा आणि रक्ताचा दाब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही आज बी.पी.वर, म्हणजे रक्तदाबावर बोलणार आहोत. विषय दवाखान्याचा वाटेल, पण तो चळवळीचाही आहे. कर्ता माणूस पन्नाशीत लकव्याने अंथरुणाला खिळला की पोरांचं शिक्षण थांबतं, घर कर्जात जातं आणि चळवळीचा एक माणूस कमी होतो.

गिरणीत बॉयलरवर काटा असतो, दाब वाढला की दिसतो. शरीरावर असा काटा नाही. दाब वाढूनही बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. आत मात्र हृदय, मेंदू आणि किडनीची नासाडी चालू असते. म्हणून तपासणी हाच आपला काटा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको आणि पाच मिनिटं शांत बसावं. वेगवेगळ्या दिवशी मोजून दाब १४०/९० किंवा त्याच्या वर भरला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा.

पहिला उपाय मिठाचा. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांवर ताण येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरा नको. त्यात भाजी, भाकरी, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. आपल्याकडे सुकट-बोंबील आवडीने खातात. ते कधीमधी खावेत, पाण्यात भिजवून ते पाणी फेकावं आणि कालवणात वरून मीठ घालू नये. भगिनींनो, आजाऱ्यासाठी वेगळं अळणी रांधू नका. सगळ्या घराचंच मीठ हळूहळू कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

दुसरा उपाय चालण्याचा. आठ तास मशीनवर उभं राहिलो, मग व्यायाम कशाला, असं कामगार म्हणतात. पण उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला.

तिसरा उपाय आपल्याला रोज वंदनेत सांगितला जातो. पाचवं शील दारू टाळायला सांगतं, आणि दारूने रक्तदाब वाढतोच. तंबाखू, मिश्री, गुटखा हेही त्याच टोपलीतले.

कोसलचा राजा पसेनदी फार जेवायचा, धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याची गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाकडून रोज जेवताना म्हणून घेतली आणि हळूहळू आहार कमी केला. राजालाही आठवण करून देणारा माणूस लागला, हे ध्यानात घ्या.

गोळीबद्दल एक सांगतो. दाब उतरला की काहीजण गोळी सोडतात. अहो, तो गोळीमुळेच उतरलेला असतो! डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. चालणं, ध्यान, मीठ कमी करणं हे गोळीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी कुठे तब्येत पाहिली? बाबासाहेबांना मधुमेह होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते गेले. दीक्षेनंतर पुरते दोन महिनेही ते आपल्याला लाभले नाहीत. समाजाचं त्यात केवढं नुकसान झालं! त्यांचं उरलेलं काम करायचं तर आपल्याला जगावं लागेल.

म्हणून आमची समितीला विनंती आहे. येत्या वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर विहारात रक्तदाब मोजावा आणि वहीत लिहावा. मोजायचं काम आपल्याच शिकलेल्या मुला-मुलींनी करावं. ज्याचा आकडा वाढलेला दिसेल, त्याला एकाने सोबत करून सरकारी दवाखान्यात न्यावं. पसेनदीला एक सुदस्सन मिळाला. आपण एकमेकांचे सुदस्सन होऊ या.

नमो बुद्धाय! जयभीम!