नाव सांगावे, ते कोणाला?



या व्याख्यानमालेत मी कामगार-कायद्यावर बोलेन, अशी चालकांची अपेक्षा होती. मी विषय कळविला तो संगणकावरील मोटार-शर्यतींचा. म्हणजे त्या शर्यतीत उतरणाऱ्याने आपले खरे नाव लावावे की टोपणनाव, याचा. विषय पोरखेळाचा वाटेल. पण सहीच्या कागदावर पहिले नाव कोणाचे घालायचे, एवढ्यावरून रात्र-रात्र चाललेल्या बैठका ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा विषय परका नाही. माणूस नावानिशी उभा राहिला म्हणजे काय मिळवतो आणि काय गमावतो, हा आमच्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. दिवसा गाड्यांचे सुटे भाग जोडणारी आणि रात्री या शर्यतीत उतरणारी तरुण मुले तोच प्रश्न आता मला विचारतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. टेबलाला स्टिअरिंगचे चाक बसवायचे, पायाशी पेडल ठेवायची आणि पडद्यावर रस्ता पाहात गाडी हाकायची. टायरची पकड किती, वळणावर वजन कोणत्या बाजूला झुकेल, ब्रेक केव्हा लागेल, याचा हिशेब यंत्र क्षणाक्षणाला करीत असते. देशोदेशीची वीस-तीस माणसे इंटरनेटवरून एकाच वेळी त्याच रस्त्यावर धावत असतात. कित्येकांच्या लेखी हा खेळ राहिलेला नसून ती एक विद्याच झाली आहे.

आता अडचण पाहा. खऱ्या शर्यतीत माणसाला भीती असते. १९५५ साली फ्रान्समध्ये ल मां येथे एका गाडीचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. पडद्यावर तसे काही होत नाही. गाडीचा चुराडा झाला तरी कळ दाबली की नवी गाडी तयार! मग पहिल्याच वळणावर दहा जणांना धडक देऊन हसत निघून जाणाऱ्या दांडगेश्वराला आवरायचे कशाने? महिनाभर सराव करून आलेल्या माणसाची संध्याकाळ त्याने नासवलेली असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या 'आय-रेसिंग' या संस्थेने २००८ साली आपला खेळ सुरू करताना याचे एक उत्तर दिले. येथे प्रत्येकाने आपल्या खऱ्या नावानेच उतरावे, असा नियम तिने केला. एकाच नावाची दोन माणसे आली तर दुसऱ्याच्या नावापुढे आकडा लागतो. यामागचा विचार साधा आणि सरळ आहे. ज्याला उद्या त्याच मंडळींत पुन्हा बसायचे आहे, तो आज त्यांच्या ताटात माती कालवणार नाही. गावात माणूस जपून वागतो, कारण गाव त्याला नावाने ओळखते; तेच सूत्र येथे लावले आहे. या विचारात तथ्य आहे हे मी मान्य करतो.

परंतु त्याच संस्थेने आणखी एक गोष्ट केली, तिकडे माझे लक्ष अधिक जाते. तिने प्रत्येक खेळाडूच्या वागणुकीचे खाते उघडले. रस्ता सोडला की एक गुण नावावर पडतो, गाडीवरचा ताबा सुटला की दोन, आणि दुसऱ्या गाडीशी जोराची धडक झाली की चार. चूक कोणाची हे यंत्र पाहात नाही. धडक झाली की दोघांच्याही खात्यावर गुण चढतात. त्यामुळे दुसरा चुकेल हे धरून आपण सांभाळून हाकणे भाग पडते. किती वळणे बिनतक्रार पार केली आणि किती गुण चढले, याच्या प्रमाणावर परवाना ठरतो. नवखा खालच्या परवान्यावर सुरुवात करतो आणि डी, सी, बी, ए अशा पायऱ्या चढतो. वागणूक बिघडली तर परवानाही खाली येतो. कोणी जाणूनबुजून धडक दिली असे वाटले, तर त्या शर्यतीचे चित्रीकरण जोडून तक्रार करता येते.

मग माणसाला आवरते कोण? त्याचे खरे नाव, की त्याचे खाते? जपानी 'ग्रान तुरिस्मो' या खेळाची २०१७ सालची आवृत्ती याचा उलगडा करायला उपयोगी आहे. तेथे खेळाडू आपण निवडलेल्या टोपणनावानेच धावत. तरी त्यांच्या वेगाची एक प्रतवारी असे आणि खिलाडू वृत्तीची दुसरी. ज्याची वृत्ती घसरली त्याची गाठ आपल्यासारख्याच दांडग्यांशी पडे. म्हणजे शिस्त लावण्याचे काम खाते करते. नाव ही ते खाते अडकविण्याची खुंटी आहे. खुंटी लाकडाची आहे की लोखंडाची, यापेक्षा ती भिंतीत पक्की बसली आहे की नाही, हे महत्त्वाचे.

टोपणनावाविरुद्धचा खरा आक्षेपही नेमका हाच आहे. जे टोपणनाव मळलेल्या सदऱ्यासारखे काढून टाकता येते, त्याला खाते चिकटत नाही. आज 'वाघ' म्हणून धडका दिल्या, उद्या 'सिंह' म्हणून हजर! हे चालू देता कामा नये. पण यावरचा उपाय मोटार-शर्यतीच्या जुन्या जगाने फार पूर्वी शोधून ठेवला आहे.

१९२९ साली मोनॅकोची पहिली ग्रां प्री जिंकणाऱ्या माणसाने यादीत नाव लावले होते नुसते 'विल्यम्स'. त्याचे पूर्ण नाव विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स. १९८५ साली ल मां जिंकणाऱ्या तिघांपैकी एक होता 'जॉन विंटर'. तो खरा लुई क्रागेस, जर्मनीतील लाकडाचा व्यापारी; घरच्यांना, विशेषतः आईला, आपला हा छंद कळू नये म्हणून त्याने नाव बदलले होते. शर्यत जिंकली आणि वर्तमानपत्राने बिंग फोडले! अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, जगज्जेता मॅक्स व्हेरस्टॅपेन जर्मनीतील न्युरबुर्गरिंगवर सरावाला उतरला तो 'फ्रान्झ हेर्मान' या नावाने. यांपैकी कोणालाही कोणी लबाड म्हटले नाही. कारण जागतिक मोटार-क्रीडा संघटनेच्या नियमावलीत टोपणनावाने परवाना मागण्याची सोयच आहे. अट एवढीच की, त्या नावाचा परवाना असेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही नावाने शर्यतीत उतरायचे नाही. परवाना देणाऱ्याला माणूस ठाऊक असतो. प्रेक्षकाला तो ठाऊक असलाच पाहिजे असे नाही.

आपल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १८४८ साली 'प्रभाकर' पत्रातून 'लोकहितवादी' या नावाने समाजाचे कान उपटणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. ते टोपणनाव त्यांनी टिकविले, त्याची पत राखली, आणि आज तेच नाव अधिक ओळखीचे आहे.

आता खऱ्या नावाची किंमत कोण मोजतो ते पाहू. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीमुळे अमेरिकेतील खऱ्या शर्यती बंद होत्या आणि नामांकित चालक आय-रेसिंगवर खेळत होते. बब्बा वॉलेस या चालकाची गाडी अशा एका शर्यतीत आदळली आणि तो वैतागून खेळ सोडून गेला. एवढ्यावरून त्याच्या एका पुरस्कर्त्या कंपनीने त्याच्याशी संबंध तोडला. पुढच्याच आठवड्यात काइल लार्सन या चालकाने शर्यत चालू असताना कृष्णवर्णीयांना हिणविणारा अत्यंत हीन शब्द उच्चारला. दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. लार्सनच्या शब्दाने जिवंत माणसांचा अपमान झाला. त्याची शिक्षा खेळाबाहेर पोहोचली याचे मला वाईट वाटत नाही. वॉलेसने मात्र खेळातला डाव अर्धा टाकला होता, आणि फटका बसला पोटाला. खरे नाव लावले की खेळ आणि भाकरी यांच्यामधली भिंत पडते, ती अशी.

हे दोघे प्रसिद्ध होते, सावरले. लार्सन तर २०२१ साली विजेताही झाला. पण यंत्रावर काम करणाऱ्या साध्या पोराचे काय? रजेच्या दिवशी पहाटे दोनला त्याचे नाव निकालाच्या यादीत दिसले, तर उद्या साहेब ते पुढे करणार नाही कशावरून? एखाद्या मुलीने खरे नाव लावले आणि शर्यतीत कोणाला मागे टाकले, तर तो तिला घरापर्यंत शोधीत जाणार नाही कशावरून? आणि आपल्या देशात आडनाव म्हणजे नुसते आडनाव नसते. ते ऐकताच ऐकणारा मनात जात आणि धर्म लावून मोकळा होतो. ज्याचे आडनाव त्याला दारे उघडून देत आले, तो 'खरे नाव सांगायला कसली भीती?' असे सहज म्हणतो. ज्याच्या तोंडावर दारे बंद झाली, त्याला घटकाभर नुसता 'चालक' म्हणून ओळखले जाण्याचे सुख कमी वाटत नाही.

एका कारखान्यात पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही अर्ज दिला होता. पहिल्या तीन सह्या ज्यांच्या, त्यांच्या महिन्याभरात बदल्या झाल्या. पुढच्या अर्जावर मंडळींनी सह्या गोलाकार केल्या. सगळी नावे खरी, पण पहिला कोण ते कळू नये. ही युक्ती आमची नव्हे, जगभरच्या खलाशांनी आणि मजुरांनी ती वापरली आहे. नाव लपविणे हे नेहमी भ्याडपणाचे नसते, एवढेच मला त्यावरून म्हणायचे आहे.

शिवाय खरे नाव लावले म्हणजे खरा माणूस आला, असेही नाही. २०२० च्या मे महिन्यात फॉर्म्युला-ई च्या घरबसल्या शर्यतीत डॅनियल आब्ट या जर्मन चालकाच्या नावाने गाडी धावली. चाकावर हात होते एका दुसऱ्याच तरुणाचे. नाव अगदी खरे होते! आब्टला दहा हजार युरो दान करण्याचा दंड झाला आणि त्याच्या संघाने त्याला निलंबित केले.

आणि मग वहीचा प्रश्न येतो. ज्याच्याकडे खऱ्या नावांची वही, त्याच्याकडे सत्ता. दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पटवून घेण्याचा कायदा केला. २०११ साली तेथील एका बड्या कंपनीकडून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ साली तेथील घटना-न्यायालयाने तो कायदा रद्द केला. इंग्लंडमध्ये २००९ साली बांधकाम-कामगारांची एक गुप्त यादी पकडली गेली. तीन हजारांहून अधिक नावे तीत होती. संघटनेचे काम केले किंवा सुरक्षिततेची तक्रार केली, एवढ्यावरून कित्येकांना वर्षानुवर्षे काम मिळू दिले गेले नव्हते. म्हणून नावे मागणाऱ्याला मी आधी विचारतो: वही कोठे ठेवणार, कोणाला दाखविणार, फुटली तर भरपाई कोण देणार?

यातून मार्ग कोणता? तो आपल्या प्रत्येकाच्या अनुभवातला आहे. मतदानाच्या दिवशी आपण यादीत खरे नाव दाखवितो, ओळख पटवितो, बोटाला शाई लावून घेतो. म्हणजे एका माणसाचे एकच मत, याची खात्री होते. त्यानंतर पडद्याआड काय केले ते कोणालाही कळत नाही. उघडेपणा आणि आडोसा यांची जागा तेथे ठरलेली आहे. शर्यतीतही हेच करावे. शर्यत भरविणाऱ्याला खरे नाव कळावे. एका माणसाचे एकच खाते असावे. त्याने घेतलेले नाव मनाला येईल तेव्हा बदलता येऊ नये. त्या नावामागे वागणुकीचा सारा हिशेब सर्वांना दिसावा. तक्रार पुराव्यानिशी ऐकली जावी. ज्याला खरे नाव मिरवायचे आहे त्याने खुशाल मिरवावे. ज्याला झाकायचे आहे त्याला कारण विचारू नये. आणि वही सांभाळणारा तिच्याबद्दल कायद्याने जबाबदार असावा.

तरुण मित्रांना एवढेच सांगतो. तुम्ही कोणते नाव घेता हा तुमचा प्रश्न आहे; पण जे घ्याल त्याची अब्रू राखा. धडक दिलीत तर थांबा, चुकलो म्हणा. आणि कोणी तुमचे खरे नाव मागितले, तर देण्याआधी तो स्वतःचे नाव-पत्ता आणि जबाबदारी लिहून देतो आहे का, ते पाहा.