शाईच्या पेनाचा कन्व्हर्टर : निवड, वापर आणि निगा

(गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचं लेखी रूप)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. अशा वेळी बोलणाऱ्याने घड्याळाकडे लक्ष ठेवावं हे बरं. त्यातून मी रेल्वेचा माणूस. जरा लांबलं तर तुम्ही लगेच म्हणाल, हाही लेट! म्हणून थेट विषयाला हात घालतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात एखादं शाईचं पेन पडून असतं. कुणाला बारशाच्या वयापासून सांभाळलेलं आजोबांचं, कुणाला वडिलांच्या निवृत्तीला ऑफिसने दिलेलं, कुणाला स्वतःच्या मुंजीत आलेलं. ते चालत नाही म्हणून पडून आहे. मी डिप्लोमा मेकॅनिकलवाला, त्यामुळे बंद पडलेली वस्तू दिसली की आधी उघडून बघतो. अशी बरीच पेनं उघडून पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पेनाची निब सहसा शाबूत असते. नसते ती आतली नळी. कार्ट्रिज संपलेली असते, तीच कार्ट्रिज बाजारात मिळत नाही, आणि पेन मेलं असं आपण ठरवून टाकतो. तिथे योग्य मापाचा कन्व्हर्टर बसवला की बहुतेक पेनं पुन्हा लिहू लागतात. आणि त्यातला महत्त्वाचा शब्द 'योग्य मापाचा' हा आहे. आज तेवढंच सांगायला उभा आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. बोरू, टाक आणि दौत यांच्यानंतर आपल्याकडे आलं ते ड्रॉपरने शाई भरायचं पेन. आपल्या मराठी माणसाचा या शाईशी फार जवळचा संबंध आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडी आणि वड्यांपासून धंदा सुरू केला, त्यातूनच पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन उभं राहिलं. २०११ साली जपानच्या कोकुयोने त्यात मोठा हिस्सा घेतला, पण शाळेच्या बाकावर सांडलेली ती निळी शाई आपण विसरलेलो नाही. तिकडे आंध्रात राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या प्रेरणेने पेन घडवलं आणि १९३५ साली गांधीजींनी त्यांना पसंतीचं पत्र पाठवलं. ही सारी पेनं ड्रॉपरची. पुढे आयती भरलेली कार्ट्रिज आली. पण रोज कार्ट्रिज विकत कोण घेणार? म्हणून कार्ट्रिजच्याच जागी बसणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी नळी निघाली. तोच कन्व्हर्टर. पार्करने १९६० साली काढलेलं 'पार्कर ४५' हे या दोन्ही सोयी असलेलं गाजलेलं पेन.

आता याचं काम कसं चालतं ते पाहू. कन्व्हर्टर म्हणजे एक पारदर्शक नळी आणि आत एक दट्ट्या. मागची घुंडी फिरवली की दट्ट्या मागे सरकतो, आत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा दौतीतल्या शाईला आत ढकलते. आपण म्हणतो पेनाने शाई ओढली. खरं तर बाहेरच्या हवेने ती ढकललेली असते. आमच्या जुन्या व्हॅक्युम ब्रेकचं तत्त्व हेच. लिहिताना मात्र उलटी वाहतूक चालते. निबेखालच्या जिभेला बारीक खाचा असतात. त्यांतून शाई उतरते आणि जितकी शाई उतरली तितकी हवा वर जाते. सिंगल लाइनवर दोन्ही बाजूंच्या गाड्या सोडाव्यात तसं हे काम आहे. हवा वर गेली नाही तर शाईही खाली येत नाही. शाई चिकटून मागच्या टोकालाच राहिली, तर नळी भरलेली असूनही पेन कोरडं पडतं. म्हणून काही कन्व्हर्टरमध्ये स्टीलची बारीक गोळी टाकलेली असते. ती हलली की शाई सुटून पुढे येते. गोळी नसेल तर पेनाला बोटाने हलकी टिचकी मारावी.

निवडीकडे येऊ. आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही गेज होती. ब्रॉड १६७६ मिलिमीटर, मीटर १००० आणि नॅरो ७६२. मुंबई-पुण्याहून ब्रॉडगेजने यायचं आणि बेंगळुरूसाठी मिरजेला मीटरगेजच्या गाडीत सामान चढवायचं. डबा कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्या गेजवर चालत नाही. कन्व्हर्टरचं अगदी तसंच आहे. त्याचं तोंड पेनाच्या आतल्या तोटीच्या मापाचं हवं. किंमत आणि नाव या नंतरच्या गोष्टी.

सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे 'स्टँडर्ड इंटरनॅशनल'. वॉटरमन, पेलिकन, काव्हेको आणि बरीचशी भारतीय हातघडणीची पेनं या मापाची आहेत. त्यांना जर्मनीच्या श्मिट कंपनीचा कन्व्हर्टर छान बसतो. पार्करचं माप वेगळं, शेफरचं वेगळं, लॅमीचं वेगळं. लॅमी सफारीच्या कन्व्हर्टरला बाजूला दोन बारीक गाठी असतात, त्या पेनाच्या खाचेत बसवायच्या. पायलट, प्लॅटिनम आणि सेलर या तीन जपानी कंपन्यांचं प्रत्येकीचं आपलं स्वतंत्र माप आहे. चिनी पेनांत २.६ आणि ३.४ मिलिमीटर अशी दोन तोंडं आढळतात, तेव्हा घेताना विचारून घ्यावं.

तोंड जुळलं तरी लांबी जुळेलच असं नाही. पायलटचा 'कॉन-७०' हा मोठा, एका मिलिलीटरहून थोडी जास्त शाई घेणारा. पण पायलटच्याच मेट्रोपॉलिटन पेनात तो मावत नाही, तिथे लहान 'कॉन-४०' लागतो. काव्हेकोचं छोटं 'स्पोर्ट' पेन इंटरनॅशनल मापाचं खरं, पण त्याच्या आखूड अंगात नेहमीचा कन्व्हर्टर बसत नाही. म्हणून दुकानात जाताना पेन सोबत न्यावं, नुसतं नाव सांगून घेऊ नये.

आमच्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. त्याचे वडील सोलापूरकडे मास्तर होते, ते गेल्यावर त्यांचं शेफर पेन याच्याकडे आलं. बहिणीच्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणं त्याच पेनाने लिहायची असं त्याच्या मनात होतं. एका दुकानदाराने त्यात इंटरनॅशनल कन्व्हर्टर जोर लावून बसवून दिला. दोन दिवसांत शर्टाच्या खिशावर निळा डाग आला. "पेन जुनं झालंय, नवीन घ्या," असं उत्तर मिळालं. तो ते टाकून देणारच होता. पेन उघडलं तर आतली तोटी सुदैवाने मोडलेली नव्हती. शेफरचाच कन्व्हर्टर आणून बसवला आणि पेन पहिल्या ओळीपासून लिहू लागलं. पाकिटांवरची नावं त्यानेच लिहिली गेली. गंमत अशी, की अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालेली ही शेफर आता आपल्या बेंगळुरूच्या विल्यम पेन कंपनीकडे आहे, २०२२ साली त्यांनी ती घेतली. म्हणजे मास्तरांचं पेन न हलता माहेरी आलं म्हणायचं!

तेव्हा नियम पहिला : जोर लावू नये. कन्व्हर्टर सरळ रेषेत दाबावा, पिळू नये. बरोबर माप असेल तर थोड्या दाबाने घट्ट बसतो. बसवल्यावर आधी साधं पाणी भरावं आणि टोपण न लावता, निब खाली करून रात्रभर पेल्यात टिश्यू पेपरवर उभं ठेवावं. निबेतून थोडा ओलावा उतरणारच, पण जोडाशी पाणी दिसलं तर माप चुकलं असं समजावं. ही आमची हायड्रॉलिक टेस्ट.

नियम दुसरा, भरण्याचा : पूर्ण निब शाईत बुडवावी, अर्धी बुडवली तर हवा येते. घुंडी फिरवताना दुसऱ्या हाताने कन्व्हर्टरची धातूची कड धरावी, म्हणजे जोड सैल होत नाही. दट्ट्या आधी पूर्ण खाली, मग वर. असं दोन-तीनदा करावं. शेवटी दोन-तीन थेंब दौतीत परत सोडावेत, निब वर करून घुंडी किंचित मागे घ्यावी, आणि मऊ सुती कापडाने निब पुसावी. हे केलं की पहिल्याच अक्षरावर डाग पडत नाही.

नियम तिसरा, धुण्याचा : शाई बदलताना, नाहीतर महिन्या-दीड महिन्याने पेन धुवावं. साधं पाणी भरायचं, सोडायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच, प्लास्टिकला तडे जातात. फार चिकटलं असेल तर भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब पाण्यात टाकावा. साबण जास्त झाला की काय होतं ते आपल्या बेळ्ळंदूरच्या तळ्याने २०१५ साली साऱ्या देशाला दाखवलंच आहे! आणखी एक, आपल्याकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी जड. बादलीवर जो पांढरा थर धरतो तोच जिभेच्या बारीक खाचांत धरतो. म्हणून शेवटचं धुणं फिल्टरच्या आर.ओ. पाण्याने करावं. दट्ट्या जड फिरू लागला तर सिलिकॉन ग्रीसचा कणभर लेप द्यावा. व्हॅसलिन लावू नये, रबराचं सील त्याने फुगतं.

नियम चौथा, शाईचा : पेनाचीच शाई वापरावी. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पेनात कधीही घालू नये, ती वाळली की जीभ कायमची बुजते. आणि विमानाने पुण्याला जाताना पेन निब वर करून ठेवावं. वर हवेचा दाब कमी झाला की नळीतली हवा फुगते आणि शाईला बाहेर लोटते. निब वर असली की फक्त हवाच बाहेर पडते.

कुणी विचारेल, ड्रॉपरचं पेन दोन-चार मिलिलीटर शाई घेतं, मग हा पाऊण मिलिलीटरचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. लांबलचक लिहिणाऱ्याने ड्रॉपरच वापरावा. पण ड्रॉपरच्या पेनात शाई तळाशी आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. कन्व्हर्टरभोवती पेनाचं अंग वेगळं असल्याने ती ऊब लवकर पोहोचत नाही. शाळेच्या मुलांना म्हणून कन्व्हर्टर बरा. हिशेबही सोपा आहे. साठ मिलिलीटरच्या एका दौतीत पाऊण मिलिलीटरचा कन्व्हर्टर ऐंशी वेळा भरतो. तेवढ्यात प्लास्टिकच्या ऐंशी कार्ट्रिज कचऱ्यात गेल्या असत्या.

मंडळी, आपण गाव सोडून इथे आलो. येताना घर आणता आलं नाही, अंगण आणता आलं नाही. पेन मात्र खिशात मावलं. ज्या पेनाने आपल्या प्रवेशाच्या अर्जावर वडिलांनी सही केली, त्याच पेनाने आपल्या मुलांनी चार ओळी मराठीत लिहिल्या तर ते पेन सांभाळल्याचं चीज होईल. एका छोट्या नळीपायी ते कपाटात पडून राहू नये.

समितीने परवानगी दिली आहे. यंदाच्या उत्सवातही रविवारी दुपारी मी मंडपाच्या कडेला टेबल टाकून बसणार आहे. आपापली पेनं आणावीत. धुऊन, माप काढून, कोणता कन्व्हर्टर लागेल ते कागदावर लिहून देईन. फी म्हणून एक मोदक पुरे.

 गणपती बाप्पा मोरया!