चिनी मातीची झिलई

पितळेचें पातेलें घासण्याची जी रीत आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली, तीच चिनी मातीच्या कपबशीला लावणें हा त्या कपबशीवर उघड अन्याय आहे. पितळ घासलें म्हणजे वरचा काळसर थर जाऊन खालून उजळ पितळच बाहेर येतें. चिनी मातीचें तसें नाहीं. तिच्यावर भट्टींत वितळवून चढविलेला कांचेसारखा पातळ लेप असतो, तीच झिलई. ती खरवडली गेली कीं घरीं पुन्हां चढवितां येत नाहीं. चऱ्यांत चहाचा डाग रुततो, तो निघावा म्हणून आपण अधिक जोरानें घासतों, आणि चरे वाढतात!

फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं काठिण्याची एक श्रेणी सुचविली. तींत शंखजिरें १ वर, तर गारगोटी ७ वर आहे. झिलई साधारण ६ च्या आसपास येते. वाळूंत गारगोटीचे कण असतात. विटेच्या भुग्यांत व न चाळलेल्या राखेंतहि ते सांपडतात. ते ओरखडा काढणारच. खाण्याचा सोडा मात्र अडीचाच्या घरांतला. ओल्या मऊ फडक्यावर चिमूटभर सोडा घेऊन चोळावा. चहाचा डाग बिनबोभाट निघतो. सोनेरी कांठाच्या बशीला तोहि लावूं नये, कारण सोनें झिलईच्या वर असतें, खालीं नव्हे.

पुष्कळदां बशीवरील करड्या रेघा चरे नसतातच. चमचा झिलईहून मऊ असल्यानें त्याचाच धातु बशीवर उमटतो. नख फिरवून पाहावें. नख अडलें नाहीं, तर ओल्या सोड्यानें रेघ बहुधा फिकी पडते.

न्हाणीघरांतील चिनी मातीच्या भांड्यावर पाण्यांतील चुन्याचा थर बसतो. त्यावर शिरक्यांत भिजविलेलें फडकें तासभर ठेवावें. लोखंडावर मुलामा दिलेल्या टबाला मात्र आंबट पदार्थ बाधतो. तेथें साबणाचें पाणीच बरें.

आतां एक गोष्ट झिलईहून महत्त्वाची. शिरका असो कीं तीव्र तेजाब, तो ब्लीचिंग पावडरीशीं वा तिच्या जातीच्या द्रवाशीं मिसळला कीं क्लोरीन हा विषारी वायु सुटतो. बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेतूं शकतो. हें काम बहुधा मोलकरणीच्या माथीं येतें, आणि बाटलीवरचें इंग्रजी तिला कोणी वाचून दाखवीत नाहीं. तें दाखवावें, व या दोन बाटल्या एका फळीवर ठेवूं नयेत.