न काढलेलें कर्ज

काढलेलें कर्ज फेडतांना माणसाची जी ओढाताण होते तिची कल्पना पुष्कळांस असते. परंतु जें कर्ज कधीं काढलेंच नाहीं, ज्यांतील एक पैही हाताला लागली नाहीं, त्याची फेड मागण्यास कोणी दारीं आला तर काय करावें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. आणि तो सोलापूरकर श्रोत्यांना अगदींच नवा वाटण्याचें कारण नाहीं.

या प्रश्नाच्या इतिहासांत सोलापूर जिल्ह्याचें नांव फार पूर्वींच नोंदलें गेलें आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले आणि तें लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरलें. लोकांचा रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षां त्याच्या दप्तरावर होता. रोखे आणि खतें बाहेर काढावयाचीं व जाळावयाचीं, असा तो प्रकार. त्यानंतर जी चौकशी झाली तींत कर्जाच्या भाराबरोबरच कागदाच्या फसवणुकीच्याही तक्रारी पुढें आल्या. ज्याला अक्षर वाचतां येत नाहीं त्यानें कागदाखालीं नांगराची निशाणी करावी, आणि वर काय लिहिलें आहे हें लिहिणारासच ठाऊक असावें, अशी ती स्थिति होती.

१८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला तो प्रथम पुणें, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यांतील दोन गोष्टी आजही ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्तऐवज गांवच्या नोंदणी-कामगारासमक्ष लिहिला जावा, ही एक. दुसरी अधिक महत्त्वाची. न्यायाधीशानें केवळ सही पाहून थांबूं नये, तर खताच्या पाठीमागें जाऊन व्यवहाराची हकीकत शोधावी, असें त्या कायद्यानें सांगितलें. पैसा खरोखर दिला काय, किती दिला आणि कोणाला दिला, असा प्रश्न अदालतीनें विचारावयाचा. तो कायदा आज अंमलांत नाहीं. पण त्यानें विचारलेला प्रश्न मात्र अजून जुना झालेला नाहीं.

पुढें सोलापुरांत गिरण्या निघाल्या. १८७७ सालीं निघालेली पहिली गिरणी लोकांच्या तोंडीं पुढें ‘जुनी गिरणी’ झाली. शेतकऱ्याचा मुलगा कामगार झाला. कर्ज मात्र त्याच्याबरोबर शहरांत आलें. १९३१ सालीं हिंदुस्थानांतील कामगारांविषयीं शाही आयोगानें अहवाल दिला, तेव्हां बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कुटुंबें ऋणको असावींत असा त्याचा अंदाज होता. पगार हातीं पडण्यापूर्वींच तो खर्च झालेला असे आणि मधले दिवस उसनवारीवर निभावावे लागत. त्या गिरण्या बंद पडल्या. मधले दिवस राहिले. आज ते निभावण्यासाठीं मोबाइलवर क्षणार्धांत मिळणारें अल्पमुदतीचें कर्ज आलें आहे, आणि त्याच वाटेनें दुसऱ्याच्या नांवावर कर्ज उचलणारा चोरही आला आहे.

त्याची रीत अवघड नाहीं. कोणाच्या तरी पॅन कार्डाची व आधार कार्डाची छायाप्रत त्याच्या हातीं लागते. खोलीचा भाडेकरार, नवें सिमकार्ड, कसलीशी योजना, नोकरीचा अर्ज, अशा शंभर कारणांनीं आपण त्या प्रती वाटीत असतोंच. मोबाइलचा क्रमांक तो स्वतःच्या ताब्यांतील देतो, म्हणजे ओटीपी त्याच्याकडेच येतो. पैसा जातो तो तिसऱ्याच कोणाच्या खात्यांत. रक्कम बहुधा लहान असते, कारण लहान रकमेची छाननी कोणी फार करीत नाहीं. २०२२ सालीं अभिनेते राजकुमार राव यांनीं आपल्या पॅन कार्डाचा गैरवापर होऊन अडीच हजार रुपयांचें कर्ज काढलें गेल्याचें जाहीर केलें होतें. ज्याच्या नांवाला देशभर ओळख आहे त्याची ही गत, तर इतरांची कथा काय!

सोलापूरच्या पूर्व भागांतील एखादी विडी कामगार बाई डोळ्यांपुढें आणावी. पान-तंबाखू घरीं आणून ती विड्या वळते; मुलगा यंत्रमागावर टॉवेल विणतो. मुलाला रिक्षा घेऊन द्यावी म्हणून ती बँकेत जाते आणि तेथें कळतें कीं, तिच्या नांवावर तीन हजारांचें कर्ज थकलेलें आहे. चार दिवसांनीं वसुलीचे फोन सुरू होतात. शेजारीण समजूत घालते, “अक्का, तीन हजारच तर आहेत. भरून टाका आणि मोकळ्या व्हा.” बाई म्हणते, “घेतलेच नाहींत, तर भरूं कशाला?”

शेजारणीचा हेतु चांगला, पण सल्ला वाईट. पैसे भरले कीं कर्ज कबूल केलें असा अर्थ काढला जाऊं शकतो. शिवाय पतअहवालांत तें कर्ज ‘हिचेंच होतें, उशिरां फेडलें’ असें कायम राहतें. बाईचें उत्तर बरोबर आहे. फक्त तें फोनवर देऊन भागत नाहीं, तें कागदावर यावें लागतें. चोराचें भांडवल आधार कार्डाइतकेंच माणसाच्या लाजेंतही असतें. चारचौघांत कर्जबाजारी दिसूं नये म्हणून निरपराध माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसण्यांत गेलेला प्रत्येक महिना त्याच्याच विरुद्ध मोजला जातो.

प्रथम आपल्या नांवावर काय काय नोंदलें आहे तें पाहावें. आपल्या देशांत पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. त्यांपैकीं सिबिलचें नांव इतकें रुळलें आहे कीं लोक अहवालालाच ‘सिबिल’ म्हणतात. प्रत्येकीनें वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. चारही अहवाल मागवावेत, कारण चोर एका कर्जावर थांबतोच असें नाहीं.

मग कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्यास लेखी कळवावें कीं, हें कर्ज आपण घेतलेलें नाहीं. एवढ्यावर न थांबतां त्याच पत्रांत कागद मागावेत: अर्ज कोणत्या मोबाइल क्रमांकावरून आला, छायाचित्र कोणाचें जोडलें आहे, आणि मुख्य म्हणजे रक्कम कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यांत जमा झाली. १८७९ चा तोच प्रश्न येथें पुन्हां येतो. मोबाइलवरून दिलेल्या कर्जाची रक्कम, कांहीं ठराविक अपवाद सोडले तर, कर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यांतच थेट जमा व्हावी, असा नियम रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घातला. तेव्हां खातें बाईचें नसेल तर नियम कोठें मोडला तें कंपनीला सांगावें लागेल. बाईनें आपल्या पासबुकाची त्या महिन्याची नोंद पत्राला जोडावी. पैसा आलाच नाहीं, याचा तिच्यापाशीं असलेला सर्वांत बळकट पुरावा तोच.

त्याच सुमारास पोलिसांत जावें. १९३० हा दूरध्वनि क्रमांक सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीं राखलेला आहे आणि केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवितां येते. कंपनी बंगळुरास, चोर आणखी कोठें आणि बाई सोलापुरांत, अशा वेळीं ‘ही आमची हद्द नव्हे’ असें उत्तर मिळण्याचा संभव असतो. परंतु १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देतां येते, आणि नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. दुसऱ्याच्या ओळखीच्या साधनांचा अप्रामाणिक वापर करणारास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे आंकडे पाठ करण्याची गरज नाहीं. अर्जांत लिहिले म्हणजे टेबलापलीकडचा मनुष्य अर्ज नीट वाचतो, एवढा त्यांचा उपयोग.

पोलिसांच्या कागदाची प्रत जोडून पतमाहिती कंपनीकडे नोंदीविरुद्ध हरकत घ्यावी. तिचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे. तसा न लागल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीनें तीस दिवसांत उत्तर दिलें नाहीं, किंवा दिलेलें उत्तर उडवाउडवीचें असलें, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें; तेथें शुल्क नाहीं. वसुलीचे फोन सकाळीं आठपूर्वीं व सायंकाळीं सातनंतर करूं नयेत असाही दंडक आहे. तो मोडला गेला तर वेळ टिपून ठेवावी, संदेश पुसूं नयेत.

कांहीं वेळां मात्र कर्ज देणारी कंपनीच खोटी असते. तिला ना परवाना, ना पत्ता. पतअहवालांत नोंदही नसते. फक्त धमक्या येतात, नातेवाइकांना विकृत छायाचित्रें पाठविलीं जातात. तेथें पत्रव्यवहार व्यर्थ आहे. तो सरळ खंडणीचा गुन्हा समजून पोलिसांकडेच जावें.

सोलापूरच्या त्या बाईला हें सर्व करण्यास मजुरीचे किती दिवस बुडवावे लागतील याचा हिशेब कोणत्याच नियमांत नाहीं. गुन्हा दुसऱ्यानें करावा आणि निर्दोषपणाचे कागद हिनें गोळा करावेत, यांत अन्याय आहे, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. गांवचा नोंदणी-कामगार निदान अंगठा देणाऱ्याचें तोंड तरी पाहत असे. तरीही इंग्रजी न येणाऱ्या माणसाला मुलाच्या, मास्तरांच्या किंवा युनियनच्या कचेरीच्या मदतीनें हीं पत्रें लिहितां येतात. पत्र पोचल्याची पावती मात्र प्रत्येक वेळीं घ्यावी.

पुढची सावधगिरी थोडी आहे. छायाप्रत देतांना तिच्यावर कोणत्या कामासाठीं, कोणाला व कोणत्या तारखेस दिली तें आडवें लिहून सही करावी. आधारवरील बोटांच्या ठशांची ओळख कुलूपबंद करण्याची सोय आहे, ती वापरावी. आपल्या नांवावर किती सिमकार्डें चालू आहेत हें दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर पाहतां येतें, अनोळखी क्रमांक दिसल्यास तेथेंच कळवावा.

नोंद पुसली गेल्यावर दोन-तीन महिन्यांनीं अहवाल पुन्हां मागवून पाहावा. थकलेलीं कर्जें एक कंपनी दुसरीला विकते, आणि मिटलेलें प्रकरण नव्या नांवानें पुन्हां दारीं येण्याचा संभव असतो. अशा वेळीं पहिल्या कंपनीचें ‘हें कर्ज आपलें नाहीं’ असें पत्र, पोलिसांच्या खबरीची प्रत आणि पासबुकाची नोंद हीं तिन्ही रेशन कार्डाशेजारीं पेटींत असलीं, म्हणजे बाईला नव्या माणसापुढें पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाहीं.