एक खोखा कमी

(दहावी 1980 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, अमरावती येथे, जानेवारी 2025 मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'निवृत्तीनंतरचा माझा छंद'. आणि वेळ दिली आहे दहा मिनिटं. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, तिथे दहा मिनिटांत नुसतं पासबुक भरून होत नसे. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

माझा छंद असा की मी एक पिस्तूल विकत घेतलं. हसा, हसा. घरीही पहिला प्रश्न हाच झाला, "या वयात कोनाले माराचं हाय आता?" ते पिस्तूल कोणाला मारायच्या कामाचं नाही. कागदावर भोकं पाडायचं आहे. पण तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ते पाहिलेलं आहे, हे सांगितलं तर हसणं थांबेल.

आपल्या एन.सी.सी.च्या सरांकडे दसऱ्याला सोनं द्यायला जायचो, आठवतं? अंबादेवीचं दर्शन झालं की टोळीच्या टोळी सरांच्या अंगणात. आत पाटावर पांढरं फडकं, त्यावर झेंडूची फुलं, सरांची तलवारीसारखी दिसणारी जुनी छडी आणि ते काळं, लांब नळीचं पिस्तूल. काकू हातावर सांबारवडी ठेवायच्या आणि सर एकच वाक्य म्हणायचे, "डोळ्यांनी पाहाचं, हातांनी नाही." तेच हे पिस्तूल. कोल्ट वुड्समन, पॉइंट टू-टू.

सरांनी ते 1971 साली भुसावळच्या एका निवृत्त होणाऱ्या रेल्वे अधिकाऱ्याकडून घेतलं होतं. बनावट अमेरिकेतली, हार्टफर्डची. आराखडा जॉन ब्राउनिंगचा. हे मॉडेल 1915 साली आलं, त्याला 'वुड्समन' हे नाव 1927 मध्ये मिळालं आणि 1977 पर्यंत ते बनत होतं. सरांचं आहे ते 1932 च्या आधीचं. ओळखायची खूण सरांनीच मला दाखवली: मुठीच्या मागच्या बाजूला, जिथे तळहाताचा खळगा टेकतो, तिथे बारीक चौकटींची नक्षी असेल तर ते जुनं, आडव्या रेघा असतील तर नंतरचं. हा फरक शोभेचा नाही. जुन्या पिस्तुलात जास्त वेगाची गोळी वापरायची नसते, साधीच वापरायची. ही सूचना सरांनी मला तीनदा दिली आणि चौथ्यांदा कागदावर लिहून दिली.

आता मूळ गोष्टीवर येतो.

1978 चा हिवाळा. आपण नववीत. बटालियनची फायरिंग होती. पहाटे उठून, बूट घासून, ट्रकमध्ये बसून आपण रेंजवर गेलो. जे गेले होते त्यांना आठवेल: पंचवीस यार्ड, प्रत्येकी पाच राउंड, उस्तादांचा तो हिंदी आवाज, आणि थंडगार जमिनीवर लेटकर पोझिशन. त्या टू-टू रायफलीचा धक्का म्हणाल तर काहीच नाही, पण पहिली गोळी सुटल्यावर पोटात जे झालं ते लग्नातही झालं नाही.

नियम असा की जितके राउंड दिले तितके खाली खोखे परत मोजून द्यायचे. एकही कमी चालत नाही. माझ्या पाचांपैकी चार मी टोपीत टाकले. पाचवा गरम होता, पिवळाधमक होता, आणि माझ्या मोज्यात गेला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याची शिट्टी छान वाजते असं कोणीतरी म्हणालं होतं, एवढंच.

मोजणीत एक खोखा कमी आला. सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. मग गुडघ्यांवर बसवून माती चाळायला लावली. ऊन चढलं, ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, आणि शेवटी दप्तरं, खिसे, कंपासपेट्या तपासल्या. मोजे कोणी तपासले नाहीत. आपल्यातल्या एकाच्या कंपासपेटीत एक खोखा निघाला. तो म्हणाला, "मामानं देल्ला." त्याचे मामा होमगार्डमध्ये होते. कोणी ऐकलं नाही. हिशेब जुळला. त्या मुलाचं नाव एन.सी.सी.तून कमी झालं, वार्षिक कॅम्प गेला, ए सर्टिफिकेटची परीक्षा गेली. मी त्या कॅम्पला गेलो. चिखलदऱ्याच्या थंडीत शेकोटीपाशी गाणी म्हटली.

तो आज इथे आहे. त्याचं नाव मी घेणार नाही, आणि हे सगळं त्याला विचारूनच सांगतो आहे.

तो खोखा मी फेकला नाही. दहावी, कॉलेज, नोकरी, आठ बदल्या. एका जुन्या डबीत तो माझ्याबरोबर फिरला. निवृत्तीनंतर रायफल क्लबमध्ये एअर पिस्तूल चालवायला लागलो, तेव्हा डबी पुन्हा हातात आली. त्याच सुमारास कळलं की सर त्यांचं पिस्तूल देऊन टाकणार आहेत.

सर आता चौऱ्याऐंशीचे. निवृत्तीनंतर अकोल्याला त्यांच्या जुन्या घरी राहायला गेले. हात थरथरतात. दोन्ही मुली लांब. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो, अशी 2016 च्या नियमांत सोय आहे. मुलींनी हात जोडले, "बाबा, आम्हाला नको." मग उरतं काय? परवान्याची मुदत संपली की हत्यार जमा करायचं, आणि ठरलेल्या मुदतीत त्याची व्यवस्था लागली नाही तर ते सरकारजमा. सरांना ते नको होतं. बाहेरून येणारी अशी हत्यारं सामान्य माणसासाठी 1980 च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुन्या परदेशी पिस्तुलाला आज जो भाव मिळतो तो ऐकून तुम्ही खुर्ची धराल. मी किती दिले ते विचारू नका. घरीही खरा आकडा माहीत नाही आणि हा अंक घरी येणार आहे.

परवाना काढणं हे वेगळंच प्रकरण. माझं घर शहरात, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात. वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलपात ठेवण्याची सोय, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी. आमच्या शेजारच्या आजींनी हवालदाराला सांगितलं, "मानूस चांगला हाय, पन त्याले पिस्तूल कायले?" तरी मिळाला. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनाऐवजी पाच वर्षांचा झाला आहे, आणि एका माणसाला तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. मला एकच पुरे.

पण परवाना हातात आला म्हणजे पैसे देऊन पिस्तूल पिशवीत घातलं, असं होत नाही. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, मी अमुक हत्यार अमुक माणसाला देतो आहे. त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचं. सरांनी जुलै 2024 च्या अखेरीस ते पत्र दिलं. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते असो, माझ्यासाठी ते पंचेचाळीस दिवस फार उपयोगी पडले.

1 ऑगस्टला मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. दुपारी पॅरिसमधली ऑलिंपिक फायनल होती, पन्नास मीटर थ्री पोझिशन, आणि आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे त्यात होता. सर टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसले होते. गुडघ्यावर, झोपून, मग उभं राहून. एकेका गोळीला सर स्वतः श्वास धरत होते. 451.4 गुणांवर तिसरा क्रमांक, कांस्य. सर म्हणाले, "तेच काडतूस, बरं का. तुमच्या रायफलीचंच. पॉइंट टू-टू लाँग रायफल, 1887 पासून तेच चालू हाय."

तो क्षण बरा वाटला म्हणून मी डबी उघडली आणि खोखा त्यांच्या हातावर ठेवला. "सर, अठ्ठ्याहत्तरच्या फायरिंगमध्ये एक कमी आला होता. तो हा."

सर बराच वेळ बोलले नाहीत. पेपर वाचायचं भिंग घेऊन त्यांनी खोख्याची कड पाहिली. या काडतुसाला मधोमध टोपी नसते. तळाची कड आतून पोकळ असते, मसाला त्या कडेत भरलेला, आणि पिन कडेवरच आपटते. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. कड एकदा चेपली की तो खोखा पुन्हा भरता येत नाही. चेपल्याची खूण तेवढी राहते. सर ती खूण पाहत होते. मला वाटलं, आता ओरडतील. मी साठीचा माणूस, पण पाय जुळवून उभा होतो.

सर म्हणाले, "त्या पोराच्या डब्यातला खोखा काळा पडेल होता. पितळ एका सकाळीत काळं पडते का रे?"

मी काहीच बोललो नाही.

"मले दिसलं होतं. त्याच वेळी दिसलं. पन उस्ताद वही घेऊन उभा होता, ट्रक थांबला होता, अन् हिशेब जुळत होता."

मग त्यांनी माझं पाकीट, म्हणजे इसाराचे पैसे, परत माझ्याकडे सरकवलं. "हे ठेव. पहिले त्याच्याकडे जा. माझंही सांग. पत्र देल्लं हाय, पंचेचाळीस दिवस हायेत."

हे सांगायला सरांची परवानगी आहे. गुडघ्यांमुळे ते आज येऊ शकले नाहीत. फोनवर म्हणाले, "माझं वगळू नको."

मी त्याच्याकडे गेलो. दर्यापूरच्या पुढे त्याची शेती आहे, कपाशी आणि तूर. त्या दिवशी पाऊस उघडला होता, तो बांधावर होता. मी जे ट्रेनमध्ये पाठ केलं होतं ते सगळं विसरलो, नुसता खोखा दाखवला. तो आधी हसला. "अबे, तू होता काय? मले तर वाटलं उस्तादच मोजाले चुकला."

मी म्हटलं, तुझं मिलिटरीत जायचं राहिलं माझ्यामुळे. तो म्हणाला, "नाही रे. माही छाती नाई भरत होती, ते तसंही नसतं झालं." चहा आला. त्याच्या सुनेने पोहे केले. आणि मग, कपाशीवरच्या बोंडअळीचं बोलता बोलता तो मध्येच थांबला. म्हणाला, "बाबानं लय मारलं होतं त्या दिवशी. मामाले विचारलंबी नाही. मामाशी बोलनंच सोडलं त्याहिनं. दोघंबी गेले आता. त्याहिले कसं सांगाचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर मुदत संपली आणि पिस्तूल माझ्या परवान्यावर चढलं. 12 ऑक्टोबरला दसरा. पाटावर पांढरं फडकं, झेंडूची फुलं, तेच सगळं. संध्याकाळी तो सोनं घेऊन आला. बायकोला म्हणाला, "वहिनी, सांबारवडी हाय ना?" पाटासमोर उभा राहिला, हात मागे बांधून. मी म्हटलं, घे हातात, रिकामं आहे, मी इथेच उभा आहे. तो म्हणाला, "सरानं सांगतलं होतं, डोळ्यांनी पाहाचं." नाही घेतलं. खोखा मात्र घेतला, शर्टाच्या वरच्या खिशात टाकला.

तीन दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली, आणि पुढे माझं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. पावती घेऊन घरी आलो. मतमोजणी आटोपल्यावर रीतसर परत आणलं, तेल पुसलं, जागेवर ठेवलं. सरांना फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, "गोळी कोनती आनली?" साधीच, असं सांगितल्यावर फोन ठेवला.

दहा मिनिटं केव्हाच झाली, घंटा दिसते आहे मला. खोखा कोणाला पाहायचा असेल तर तो माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि त्याला वाटलं तर तो चहाच्या वेळी दाखवेल.