शेतात मेलेले रोही-डुक्कर बाहेर कसे काढावे?



आपल्या झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या आसपासच्या गावांत, तूर फुलावर आली, हरभऱ्याला घाटे धरले की जागल सुरू होते. रोह्यांचा कळप एका रात्रीत तुरीचे शेंडे खुडून जातो. डुकरांचा कळप ज्वारी आडवी करतो. राखण कशी करावी हे आपल्याला ठाऊक आहे. आज त्यापुढची गोष्ट सांगायची आहे. सकाळी वावरात जावे आणि धुऱ्याजवळ रोही, डुक्कर नाहीतर चितळ मरून पडलेले दिसावे. किंवा परवाना घेऊन मारलेले डुक्कर पऱ्हाटीत पडलेले असावे. आता ते कोणी उचलायचे, केव्हा आणि कसे?

पुष्कळ जण काय करतात? दोर बांधून ओढत नेतात आणि नाल्यात टाकतात. कोणी गुपचूप कापून वाटे घालतात. दोन्हींत नुकसान आपलेच. नाल्याचे पाणी बिघडते, ढोरांना रोग लागतो, आणि पिकाच्या भरपाईसाठी ज्याने अर्ज करायचा, तोच आरोपी म्हणून उभा राहतो.

प्रथम कायदा समजून घेऊ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. या कायद्याप्रमाणे रानातला प्राणी शिकारीत मेला असो की आपोआप मेलेला सापडो, तो सरकारी मालमत्ता ठरतो. जमीन तुमची, पीक तुमचे, पण त्यात पडलेले रोही तुमचे नाही. ते काही कारणाने तुमच्या ताब्यात आले, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवावे लागते. मांस, कातडी, शिंगे, सुळे यांपैकी काहीही घरी ठेवता येत नाही. कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काळवीट आणि वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी तर कैद तीन ते सात वर्षांची आहे.

मग पीक खाणाऱ्या जनावराला मारताच येत नाही काय? येते, पण वाट ठरलेली आहे. जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने रोही आणि रानडुक्कर या दोनच प्राण्यांसाठी, पिकाचे नुकसान होत असल्यास, वनक्षेत्रपालाकडे अर्ज करून परवानगी मिळण्याची सोय केली. चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांना ही सवलत नाही. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि परवानगी हातात पडल्यावरच पुढे जावे. बंदूक परवान्याची हवी. फासे, गावठी बॉम्ब, विष आणि तारेत सोडलेला करंट यांना परवानगी नाहीच. परवानगीने मारलेले जनावरही वनखात्याच्याच ताब्यात जाते. परवानगी पीक वाचवण्यासाठी आहे, मटणासाठी नाही, हे मनात पक्के असू द्या.

गोळी लागलेले डुक्कर पऱ्हाटीत किंवा तुरीत शिरले, तर त्याच्या मागे जाऊ नका. जखमी डुक्कर आडोशाला दबून बसते आणि जवळ येणाऱ्यावर धावते. त्याचे सुळे मांडी फाडतात. बाहेरच थांबा, वनरक्षकाला बोलवा.

आता मेलेले जनावर दिसले की काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दुरून पाहावे. जवळपास तार आहे का? पिकाभोवती कोणी करंट सोडला असेल किंवा लाईनची तार तुटून पडली असेल, तर जनावराला हात लावणारा माणूसही तेथेच पडतो. महावितरणच्या लाईनमनला कळवून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पुढे पाऊल टाकू नका. ओले पाय आणि ओली जमीन असल्यास अधिकच जपावे.

दुसरी गोष्ट, ही वाघाची शिकार तर नाही ना? टिपेश्वर अभयारण्य आपल्या जिल्ह्यातच, पांढरकवड्याकडे आहे, आणि वाघ काही अभयारण्याच्या हद्दीत बांधलेला नसतो. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रातच एका गर्भार वाघिणीला मारल्याचे उघडकीस आले होते. म्हणजे वाघ आपल्या शिवारात वावरतो. गळ्यावर दातांच्या खुणा असतील, मागच्या पुठ्ठ्याकडून खाल्लेले असेल, ओढत नेल्याची फरफट दिसत असेल, तर ते वाघाचे भक्ष्य समजावे. वाघ भक्ष्यावर परत येतो, पुष्कळदा जवळच झुडपात बसलेला असतो. तेव्हा माघारी फिरा, बायाबापड्यांना आणि गुराख्यांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. रागाच्या भरात अशा भक्ष्यावर कीटकनाशक टाकण्याचा विचारही करू नका. त्याने वाघ मरतो, गिधाडे मरतात, आपली कुत्री मरतात, आणि गुन्हा सर्वांत मोठा लागतो.

तिसरी गोष्ट, कळवावे. गावचा वनरक्षक, नाहीतर वनपरिक्षेत्र कार्यालय, नाहीतर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक. सोबत पोलीस पाटलालाही सांगावे. जनावर कोणत्या सर्व्हे नंबरमध्ये पडले आहे, केव्हा दिसले, एवढे सांगितले तरी पुरे. सांगणारा दोषी ठरत नाही. लपवणाऱ्यावर संशय येतो.

चौथी गोष्ट, पंचनामा होईपर्यंत जनावर हलवू नये. पाय ओढून सरळ करू नये, दोर लावू नये. कुत्री लांब ठेवावीत. वर कडुनिंबाचा पाला किंवा जुनी ताडपत्री दुरूनच टाकली तर कावळे आणि माशा कमी येतात. आजूबाजूचे पाऊलठसे तुडवू नका, पुरावा तोच असतो.

आता रोगाचे पाहू. मेल्यावर थोड्याच तासांत रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट वायूने फुगते. उन्हात तर लवकरच. पण नाकातोंडातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल आणि अंग नेहमीसारखे ताठले नसेल, तर काळपुळीचा, म्हणजे ढोरांतल्या फाशी रोगाचा संशय धरावा. असे जनावर कधीही फाडू नये. फाडले की रोगाचे जंतू हवेला उघडे पडून बीजरूप धरतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मग त्याच वावरातले गवत खाऊन तुमचा बैल मरतो, आणि जनावर कापणाऱ्याच्या हातावर काळा फोड उठतो. अशा वेळी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे. पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक १९६२ आहे. एकाच शिवारात तीन-चार डुकरे गोळीशिवाय मेलेली दिसली तरीही कळवावे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग भारतात २०२० मध्ये ईशान्येकडील राज्यांत आला. तो माणसाला होत नाही, पण गावातली पाळीव डुकरे साफ करतो.

पंचनामा झाला, वनखात्याने उचलायला सांगितले, की मग बाहेर काढण्याचे काम. वनरक्षक बहुधा एकटा-दुकटा असतो, त्याला गावाची मदत लागतेच. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर भरतो, म्हणून चार-सहा जण आणि मजबूत ताडपत्री हवी. जनावराला ओढू नका. ओढल्याने पीक मोडते, कातडी फाटते, रक्त आणि शेण वावरभर पसरते. ताडपत्री अंगालगत पसरवून जनावर तिच्यावर कलथवावे, चारही टोके धरून उचलावे आणि बंडीत किंवा ट्रॉलीत ठेवावे. हातात रबरी मोजे, नाकातोंडावर फडके. हाताला जखम असलेल्याने हात लावू नये. मेलेल्या अंगावरच्या गोचिड्या गार पडलेले अंग सोडून नवे अंग शोधतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि काम झाल्यावर अंग तपासावे.

वाट निवडताना विहिरीच्या काठाने किंवा कडब्याच्या गंजीजवळून जाऊ नका. पुरण्याची जागा वनखाते दाखवेल. ती विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब, पाणी साचणार नाही अशी असावी. खड्डा सहा फूट तरी खोल, तळाशी आणि वर चुना, मातीचा उंच ढीग आणि वर काटेरी फांद्या. जेथे रक्त सांडले तेथली वरची माती खरवडून त्याच खड्ड्यात टाकावी. बंडी, ताडपत्री आणि दोर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत. त्या बंडीत त्याच दिवशी धान्य किंवा ढेप भरू नये. शेवटी हातपाय साबणाने स्वच्छ धुवावे आणि कपडे वेगळे धुवावे.

राहिली पिकाची भरपाई. जनावर तुमच्या वावरात मेले म्हणून तुमचा हक्क जात नाही. रोही, डुक्कर, चितळ यांनी केलेल्या नुकसानीसाठी तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करावा, सोबत सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी. पाहणी होईपर्यंत खाल्लेले पीक कापू किंवा नांगरू नका. पाहणीला आमच्या कृषी खात्याचा माणूसही असतो. त्याला खाल्लेल्या ओळी चालत जाऊन दाखवा, बांधावरून हात दाखवून सांगू नका.

आणि कधी जीव वाचवण्यासाठीच एखाद्या जनावराला मारावे लागले, तर कायदा तो गुन्हा मानत नाही. मात्र ते जनावरही सरकारीच, आणि तेही लगेच कळवावे लागते.

बंधूंनो, रोही पीक खाते तेव्हा पोटात आग पेटते, हे आम्हीही शिवारात फिरताना पाहतो. पण मेलेले जनावर रागाने उचलले तर रोग घरी येतो आणि केसही घरी येते. आजच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वनरक्षकाचा, लाईनमनचा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर लिहून घ्या. सकाळी धुऱ्यावर काही पडलेले दिसले, तर दोराआधी त्या फळ्याची आठवण होऊ द्या.