तीन दिवस भाड्याचा वाडा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



जानेवारीतल्या आपल्या सहलीबद्दल दहा मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. जे आले होते त्यांना सगळं माहीतच आहे आणि जे आले नाहीत त्यांनी ग्रुपवर फोटो पाहून अंगठे दिलेच आहेत. म्हणून फोटोत न आलेलं सांगते.

पहिली चूक माझी. तारीख मी दिवाळीच्या सुट्टीत धरली होती. पुण्या-बंगळुरूच्या सगळ्यांनी लगेच होकार दिला, आणि गावाकडच्या एकानेही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, यांना उत्साह नाही. शेवटी एकीचा फोन आला, "काहून व, तू धानाच्याच गावची ना? बांधीत कापलेलं धान पडून आहे, पुंजणे घालायचे आहेत, आन् तू म्हनतेस सहलीला चाल." वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून मी धानाचं कॅलेंडर विसरले होते. मग २०२४ ची २६ जानेवारी ठरवली. शुक्रवार होता, सलग तीन दिवस मिळत होते.

जागेवरून वाद झाला. काहींना नागपूरजवळचा रिसॉर्ट हवा होता. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यातला एक मालगुजारी वाडा आता अख्खाच्या अख्खा भाड्याने देतात, असं कळलं. गावाचं नाव इथे छापत नाही, कारण मालकीणबाईंची तशी विनंती आहे. आपण सगळे त्यांना काकू म्हणतो, तेच ठेवते.

पुण्यात वाढलेल्या आपल्या मुलांना मालगुजार म्हणजे काय ते सांगावं लागतं. भोसल्यांच्या काळातल्या गावच्या पाटलांना इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात गावाची मालकीच देऊन टाकली. सारा वसूल करायचा, सरकारचा वाटा भरायचा, उरलेला आपला. जंगल, तलाव, पडीक जमीन, सगळं मालगुजाराचं. कायद्याने ३१ मार्च १९५१ ला ते संपलं. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारकडे गेले आणि कागदावर माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' झाले. वाडे मात्र घरच्यांकडेच राहिले. शेकडो कवेलू दरवर्षी फेरायचे, सागाच्या खांबांना वाळवी लागू द्यायची नाही, आणि वसुली तर बंद झालेली. म्हणून बरेचसे पडले. काकूंचा वाडा भाड्यावर उभा आहे.

रात्रीचे १५,००० रुपये, दोन रात्री. आपण २२ जण, प्रत्येकी २,५०० रुपये वर्गणी. पुढे कोणी असा वाडा घेणार असेल तर खोल्या मोजण्याआधी संडास मोजा. तिथे दोन होते. पहाटे पाचपासून बादल्या घेऊन रांग. माझी रंगीत एक्सेल शीट कोणी उघडून पाहिली नाही. इन्व्हर्टर आहे का, पंप बंद पडला तर पाणी कसं, जवळचा दवाखाना किती दूर, हेही विचारा. गुडघेदुखीवाल्यांना माडी देऊ नका.

बाकी वाडा बघण्यासारखाच. पुढे रुंद छपरी, आत बैठक, त्यामागे धानाच्या ढोल्या. मागे बाग. विहिरीवर मोटेची जागा अजून आहे, तिथून पाट निघून आंबा, लिंबू, पेरू, चाफा यांच्या रांगांतून जातो आणि पलीकडे मामा तलाव. जानेवारीत तलावावर हिवाळी बदकं होती. आपल्या भागात असे तलाव बांधले ते कोहळी लोकांनी. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, हे सरांनी आपल्याला सातवीत सांगितलं होतं. सर, ते लक्षात आहे.

आता खरी गोष्ट. कंपनीच्या कामासाठी मी इंग्लंडला असताना तिथल्या सहकाऱ्यांनी चार दिवस एक जुनं घर घेतलं होतं. तिथे १९६५ साली स्थापन झालेला लँडमार्क ट्रस्ट पडायला आलेल्या जुन्या वास्तू दुरुस्त करतो, सुट्टीसाठी भाड्याने देतो आणि ते पैसे देखभालीला वापरतो. घरात इतिहासाची एक वही ठेवलेली असते. ते मला फार आवडलं होतं. मी काकूंना म्हटलं, तुमच्या पाहुण्यांसाठी असं एक पान मी लिहून देते. त्यांनी आनंदाने माहिती दिली. कोणी वाडा बांधला, कोणी माडी चढवली, कोणी बाग लावली. शुक्रवारी रात्री मी ते पान बैठकीत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या.

आपल्यातली एक जण गप्प होती. ती आत्ता समोर बसली आहे. नाव घेतलं तर उठून जाईल, म्हणून घेत नाही. वर्गणीच्या वेळी मी शहाणपणा करून तिला अर्धेच पैसे सांगितले होते. ती म्हणाली, "अर्धे घेतेस तर अर्धीच येतो." पूर्ण पैसे दिले. शीटमध्ये मी तिला बैठकीलगतची पलंगाची खोली दिली होती, पण ती छपरीत झोपली. हवा चांगली आहे म्हणाली.

त्या रात्री सगळे पांगल्यावर तिने मला विचारलं, "बाग लावली म्हनतेस. मंग पानी कोन देत होता?"

तिचा आजा या वाड्यात सालदार होता. मोट तोच हाकायचा. लहानपणी ती आजीसोबत सणाला इथे यायची, मागच्या दारापर्यंत. आंबे तिथेच पदरात पडायचे. वाडा आतून तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तोही भाडं भरून. सातवीपासून आम्ही एका बाकावर बसलो, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

सकाळी मी काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा मोटेवर एक म्हातारा होता. आम्ही त्याला मोटवालाच म्हणायचो." मग त्यांनीच विचारलं, नाव काय त्याचं? मैत्रिणीलाही पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी तो आजाच. तिने वडिलांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, कोणाला पाहिजे? मग बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. आंब्याच्या रांगेकडे जाणारा पाट त्यानेच खोदला, हे सांगितलं. आणि म्हणाले, लिहिता तर हेही लिहा की शेवटच्या सालाचं धान राहिलं ते राहिलंच.

फोन स्पीकरवर होता. काकू म्हणाल्या, "ते सासऱ्यांच्या काळातलं. मला खरं-खोटं सांगता येणार नाही." त्या रागावल्या नाहीत, पण उठून आत गेल्या आणि दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पानावर आता आजाचं नाव आहे, पाटाचा उल्लेख आहे. धानाचा नाही. मी लिहिला नाही. काकूंनी नको म्हटलं नव्हतं, मैत्रिणीनेही आग्रह धरला नाही. निर्णय माझा, आणि तो बरोबर होता की मी फक्त सहल बिघडू नये म्हणून घाबरले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मैत्रिणीला विचारूनच आज हे बोलते आहे.

शनिवारी रात्री ती खोलीत झोपली. सकाळी मी मोठ्या आशेने विचारलं, कशी झोप लागली? म्हणाली, "गादीला वास येते. छपरीच बरी होती."

राहता राहिला हिशोब. जमा ५५,०००. भाडं ३०,०००, स्वयंपाकी आणि किराणा मिळून १९,५००. शिल्लक ५,५०० रुपये माझ्याकडे आहेत. काहींचं म्हणणं, वाड्याच्या कवेलूंना द्यावेत. काहींचं, पुढच्या सहलीला ठेवावेत. ग्रुपवर मतदान टाकलं आहे. नऊच मतं आली आहेत आणि ज्या एका मताची मी वाट बघते आहे, ते अजून आलेलं नाही. चहाच्या आधी द्या.